तीन तारखांचं एक पान: जुनी डच किल्लेचित्रं कशी वाचावीत

१६४९ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या योआन ब्लाऊ या प्रकाशकाने नेदरलंड्समधल्या शहरांचं एक भलंमोठं नकाशापुस्तक दोन खंडांत काढलं. आदल्याच वर्षी म्युन्स्टरचा तह होऊन स्पेनबरोबरचं दीर्घ युद्ध संपलं होतं. त्या पुस्तकातली सुटी पानं आजही लिलावांत आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत दिसतात. मधोमध एखादं शहर, भोवती टोकदार बुरुजांची तटबंदी, पाण्याने भरलेला रुंद खंदक, कोपऱ्यात शहराचं बोधचिन्ह. विकणारा सांगतो, ‘१६४९ चं आहे.’ असेलही. पण त्याच पत्र्यावरून १६९८ च्या सुमाराला दुसऱ्याच प्रकाशकाने छापलेली प्रतही हुबेहूब तशीच दिसते, आणि चित्रातला तट १६४९ च्या कितीतरी आधीचा असू शकतो.

अशा प्रत्येक पानाला तीन तारखा असतात. तट जसा दाखवलाय तसा प्रत्यक्ष होता ती पहिली, तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरलं गेलं ती दुसरी, आणि हातातला कागद छापखान्यातून निघाला ती तिसरी. या तिन्ही एकाच वर्षी क्वचितच येतात. चित्रावर छापलेला आकडा यांपैकी कोणती तारीख सांगतो ते ओळखता आलं, की हे पान वाचायचं अर्धं काम झालं. त्यासाठी मुळात हे चित्र तयार कसं होतं ते नीट समजून घ्यावं लागतं.

पत्रा, कोरणी आणि तेजाब

साधारण दीड-दोन मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा ठोकून सपाट करायचा, मग प्युमिस दगड आणि कोळशाने घासायचा, आणि शेवटी पोलादी घोटणीने आरशासारखा करायचा. एवढी मेहनत घ्यायचं कारण साधं आहे: पत्र्यावर राहिलेला बारीकसा ओरखडाही शाई धरतो आणि प्रत्येक प्रतीत उमटतो. त्यावर मेणाचा पातळ थर देऊन मूळ रेखाटन उलटं उतरवून घ्यायचं. कागदावर चित्र पत्र्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखं उमटतं, त्यामुळे सगळं काही, अक्षरंसुद्धा, उलटं कोरावं लागतं. अक्षरं कोरणारा कारागीर बऱ्याचदा वेगळा असे. त्याचं काम फार वरच्या दर्जाचं होतं; ब्लाऊच्या पानांवरची वळणदार नावं पाहिली की ते कळतं.

कोरणी म्हणजे चौकोनी पोलादी सळई, टोकाला तिरकी घासलेली. तिची मूठ तळहातात बसते आणि ती पुढे ढकलत नेतात. पत्रा वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवलेला असतो. वळणाची रेषा काढताना कारागीर हात वळवत नाही, डाव्या हाताने पत्रा फिरवतो. तांब्याचा बारीक कीस निघतो, काठाला धारदार कड उभी राहते, ती तीन धारांच्या खरवडणीने काढून टाकतात. जोर वाढला की चर खोल आणि रुंद होतो, रेषा काळी होते. जोर कमी केला की ती निमुळती होत संपते.

दुसरी रीत तेजाबाची, म्हणजे एचिंगची. पत्र्यावर मेण-राळेचा थर द्यायचा, त्यात सुईने चित्र काढायचं आणि पत्रा तेजाबात सोडायचा. सुईने उघडं पडलेलं तांबं तेवढं खाल्लं जातं. ही रेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ सारख्या जाडीची असते आणि टोकाला बोथट तुटते. डच कारखान्यांत दोन्ही रीती एकाच पत्र्यावर सर्रास वापरत: झाडं, ढग, माणसं तेजाबाने, तर तटाच्या रेघा आणि अक्षरं कोरणीने. दहापट भिंगातून पाहिलं की फरक स्पष्ट दिसतो.

छापण्याच्या वेळी पत्रा थोडा गरम करून उकळलेलं जवसाचं तेल आणि काजळीसारखी काळी पूड यांची घट्ट शाई त्यावर चोपडतात. मग कापडाने आणि शेवटी खडू लावलेल्या तळहाताने वरची शाई पुसतात, ती फक्त चरांत उरते. ओलसर कागद वर ठेवून, त्यावर लोकरीची जाड वस्त्रं घालून सगळं दोन जड रुळांच्या मधून काढतात. दाब इतका असतो की कागद चरांत शिरून शाई उचलतो आणि पत्र्याच्या कडांचा चौकोन कागदात कायमचा दबतो. पत्र्याचा हा दाब आणि बोटाला किंचित लागणारी उंच शाई या दोन खुणा पुढे ओळख पटवताना कामाला येतात.

तांबं मऊ असतं. पहिल्या काही शे प्रती झकास निघतात, दोन-तीन हजारांपर्यंत पत्रा थकतो. सगळ्यात आधी जातं आकाश, मग दूरचा डोंगर किंवा किनारा, मग पाण्यावरच्या आडव्या बारीक रेघा. तट आणि अक्षरं खोल असल्याने टिकतात. त्यामुळे ठळक तट आणि जवळजवळ कोरं आकाश असं पान दिसलं, तर ते उशिराच्या छपाईचं समजावं. प्रकाशक मग झिजलेल्या रेषा पुन्हा कोरून घेई. अशा दुरुस्तीनंतरचं पान काळंभोर दिसतं, पण त्यातली मूळची नजाकत जाते. सावल्या एकसुरी होतात. गिऱ्हाइकाला हा काळेपणा ताजेपणा वाटतो, तिथे फसगत होते.

पत्र्यावरची चूक पुसताही येते. चुकीची जागा खरवडायची, तिथे खड्डा पडतो, म्हणून मागच्या बाजूने नेमकं तेच ठिकाण मोजून हातोडीने ठोकून वर आणायचं, घोटायचं आणि नव्याने कोरायचं. प्रकाशकाचं नाव, साल, नवा बुरुज, तहानंतर बदललेलं राजचिन्ह हे सगळं असंच बदललं जाई. पण जुनी रेष पूर्ण जात नाही. नव्या नावाच्या आजूबाजूला फिकट, अर्थहीन तुकडे दिसले, तर तिथे आधी काहीतरी होतं हे नक्की.

पत्र्यांचं लांबलेलं आयुष्य

पत्रा ही त्या काळची मोठी मालमत्ता होती. प्रकाशक मेला की वारस पत्र्यांचा लिलाव करत आणि नवा मालक त्याच पत्र्यांवर आपलं नाव घालून धंदा पुढे चालवी. जर्मनीतल्या कोलोनमध्ये १५७२ ते १६१७ या काळात ब्राउन आणि होगेनबेर्ख यांचं जगातल्या शहरांचं सहा खंडांचं पुस्तक निघालं. त्याचे पत्रे पुढे अ‍ॅम्स्टरडॅमच्या यान्सोनियस या प्रकाशकाकडे आले आणि त्याने १६५७ मध्ये ते आपल्या शहरपुस्तकांसाठी वापरले. लायडनच्या पीटर फान देर आ याने १७२९ मध्ये ६६ भागांची प्रचंड चित्रमाला काढली, तीही मोठ्या प्रमाणावर अशाच विकत घेतलेल्या जुन्या पत्र्यांवर. म्हणजे १५७० च्या दशकात कोरलेलं शहर १७२९ साली नव्या चौकटीत घालून विकलं गेलं.

ब्लाऊच्या छापखान्याला २३ फेब्रुवारी १६७२ रोजी मोठी आग लागली, पुढच्याच वर्षी योआन वारला आणि उरलेले पत्रे विकले गेले. डच शहरांचे बरेचसे पत्रे फ्रेडरिक द विट याने घेतले आणि १६९८ च्या सुमाराला स्वतःचं शहरपुस्तक काढलं. इथे पानाची पाठ उपयोगी पडते. ब्लाऊच्या पानामागे शहराची माहिती छापलेली असते, लॅटिन आवृत्तीत लॅटिन आणि डच आवृत्तीत डच. ही अक्षरं खिळ्यांची असून वेगळ्या यंत्रावर छापलेली असतात. द विटच्या पानांची पाठ बहुधा कोरी असते. चित्र तेच, पत्रा तोच, मधे ५० वर्षं.

चित्राखाली लॅटिनमध्ये नावं असतात, त्यांत प्रत्येकाचं काम सांगितलेलं असतं. ‘डेल.’ किंवा ‘डेलिनिआविट’ असेल तर त्याने रेखाटलं, ‘स्कल्प.’ किंवा ‘एससी.’ असेल तर त्याने कोरलं, ‘फेकिट’ म्हणजे त्याने केलं, आणि ‘एक्स्क.’ किंवा ‘एक्स्कुडिट’ असेल तो प्रकाशक. पहिली दोन नावं सहसा बदलत नाहीत. एक्स्कुडिटवाला मात्र पत्रा विकला की बदलतो, म्हणून भिंग आधी त्या नावावर धरावं.

तट वाचायचा कसा

महाराष्ट्रातल्या डोंगरी किल्ल्यांवर वाढलेल्या नजरेला हे तट परके वाटतात. आपल्याकडचा गोल बुरुज उंचीवर आणि कड्यावर विसंबतो. डच भूमी सपाट, दगड दुर्मीळ आणि हातभर खणलं की पाणी. त्यामुळे त्यांनी मातीचे जाड, बुटके तट उभारले आणि भोवती रुंद पाणी खेळवलं. तोफेचा गोळा मातीत रुततो, तर दगडी भिंत त्याने फुटते आणि तिचे तुकडे आतल्याच लोकांना लागतात. टोकदार बुरुजाचा उगम इटलीतला. वसईच्या किल्ल्याचे पोर्तुगीजांनी बांधलेले कोनदार बुरुज ज्यांनी पाहिलेत त्यांना त्याची कल्पना येईल. गोल बुरुजाच्या पायथ्याशी एक आंधळी जागा राहते, जिथे बाजूच्या बुरुजावरून गोळी पोचत नाही. बुरुज टोकदार केला की ती जागाच उरत नाही.

चित्रातला एक बुरुज घेऊन पाहा. त्याचं बाहेर आलेलं टोक, टोकापासून मागे जाणारी दोन तोंडं, आणि तटाला मिळणाऱ्या दोन आखूड बगला. जुन्या डच पद्धतीत बगल तटाशी काटकोनात असते. बगलेतली बंदूक शेजारच्या बुरुजाच्या तोंडासमोरची जागा झाडून काढते. सगळी रचना याच एका गोष्टीसाठी आहे. म्हणून बगलेपासून शेजारच्या बुरुजाच्या टोकापर्यंतचं अंतर बंदुकीच्या पल्ल्यात बसायला हवं. डच अभियंते ही मर्यादा ६० रूडे धरत. ऱ्हाइनलंडचा एक रूडे म्हणजे १२ फूट, सुमारे ३.७७ मीटर. म्हणजे ६० रूडे साधारण २२५ मीटर झाले.

हे पानावर मोजता येतं. नकाशाच्या कोपऱ्यातली मोजपट्टी शोधा. ती ऱ्हाइनलंडच्या रूडेची आहे की दुसऱ्या प्रांताच्या, ते आधी वाचा, कारण अ‍ॅम्स्टरडॅमचा रूडे १३ फुटांचा आणि फूट आखूड, म्हणून तो सुमारे ३.६८ मीटर भरतो. मग कर्कटकाने बगलेपासून समोरच्या टोकापर्यंतचं अंतर घेऊन पट्टीवर लावा. ६० च्या आसपास किंवा कमी आलं तर नकाशा मोजणीवरून केलेला असण्याची शक्यता मोठी. कुठे ४० आणि कुठे ९० येत असेल, तर चित्रकाराने तट अंदाजाने ओढलाय, किंवा ते जुनं गाव आहे आणि बुरुज मध्ययुगीन भिंतीला नंतर जोडलेत. दुसरी शक्यता असेल तर आत उंच बारीक भिंत आणि गोल मनोरेही दिसतील.

खंदकात वेगळं बेट दिसलं आणि ते दोन बुरुजांच्या मधे, बहुतेक वेसीच्या समोर असलं, तर तो रॅव्हेलिन: वेशीचं रक्षण करणारी सुटी त्रिकोणी माती. बाहेर आणखी दोन शिंगांसारखं बांधकाम असेल तर हॉर्नवर्क. तटाच्या पायथ्याशी, पाण्यालगत दुसरी बुटकी भिंत असते, तिथून बंदूकधारी खंदकाच्या पृष्ठभागावर मारा करत. खंदकापलीकडे आडोशाची वाट आणि त्यापुढे शेताकडे उतरत गेलेला मोकळा उतार. कोरणारे हा उतार बाहेरच्या दिशेने पसरलेल्या आखूड रेघांनी दाखवतात. तिथे घरं किंवा झाडं दाखवली असतील तर चित्र शांततेच्या काळातलं, कारण वेढ्याची चाहूल लागली की मारा मोकळा राहावा म्हणून ते सगळं साफ केलं जाई.

पाण्याच्या खंदकाचा एक शत्रू होता, हिवाळा. खंदक गोठला की बर्फ फोडत राहणं हे शिबंदीचं रोजचं काम असे. सात बुरुजांचं कूफोर्डन हे डच किल्लेबंद गाव १६७२ मध्ये शत्रूच्या हाती गेलं आणि त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला डचांनी ते परत घेतलं, तेही गोठलेल्या खंदकांवर लव्हाळ्याचे पूल टाकून.

तटाच्या आकारावरून पहिली तारीख ठरवायला अ‍ॅम्स्टरडॅमजवळचं नार्डन हे उत्तम उदाहरण आहे. फ्रेंचांनी १६७२ मध्ये ते घेतलं, पुढच्या वर्षी डचांनी सोडवलं आणि १६८५ पर्यंत त्याचा तट नव्याने बांधून काढला: सहा मोठे बुरुज, दुहेरी खंदक. आज हवाई छायाचित्रांत दिसतो तो हाच आकार. ब्लाऊच्या १६४९ च्या पुस्तकात तो असणं शक्यच नाही, तिथे आधीचा तट आहे. म्हणून नार्डनचं कोणतंही पान हाती आलं की साल वाचण्याआधी खंदक मोजावेत. एकच पाणी असेल आणि पानावर अठराव्या शतकातल्या प्रकाशकाचं नाव असेल, तर जुन्या पत्र्यावरची किंवा जुन्या चित्रावरून केलेली नक्कल समोर आहे.

शहरातली घरं मात्र मोजत बसू नयेत. ब्लाऊच्या नकाशांत रस्ते, कालवे आणि तट मोजलेले असतात, पण घरं उभी काढून जागा भरलेली असते. मुख्य चर्च, नगरभवन, वेशी ओळखू येतील अशा काढलेल्या असतात, बाकीची छपरं ठरावीक. बुरुजांवरच्या पवनचक्क्या मात्र खऱ्या: उंचावर वारा मिळतो म्हणून डच गावांत त्या तटावर बांधत.

वेढ्याची चित्रं हा वेगळा प्रकार आहे. ती त्या काळची बातमीपत्रंच होती. शहर पडलं की काही आठवड्यांत बाजारात येत. १६२९ मध्ये फ्रेडरिक हेन्ड्रिक या डच सेनापतीने स्पेनच्या ताब्यातल्या स-हेर्टोगेनबॉस शहराला वेढा घातला. शहराभोवतीची दलदल हेच त्याचं बळ होतं, म्हणून त्याने नद्यांना बांध घालून त्या वळवल्या, चक्क्या लावून पाणी उपसलं आणि कोरड्या झालेल्या जमिनीवरून नागमोडी मोर्चे, म्हणजे आडोशाचे चर, पुढे नेले. १४ सप्टेंबरला शहर शरण आलं. या वेढ्याच्या पानांवर दोन मातीच्या रांगा दिसतात: एकीचं तोंड शहराकडे, दुसरीचं बाहेर, मदतीला येणाऱ्या फौजेला अडवायला. महिन्यांचा घटनाक्रम एकाच पानावर असतो, पहिल्या दिवसाचा तळ आणि शेवटच्या दिवसाचं भगदाड शेजारीशेजारी. खालच्या सूचीतली अक्षरं क्रमाने लावत गेलं तरच तो क्रम उलगडतो.

आणि दिशा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. उत्तर वर असते हा नियम तेव्हा नव्हता, होकायंत्राचं फूल शोधावं लागतं. एखाद्याने छापील पानावरून थेट नवा पत्रा कोरला, उलटवायचं राहिलं, की अख्खं शहर आरशातलं होतं आणि नदी चुकीच्या अंगाला जाते. पडताळा घ्यायला दोन गोष्टी उपयोगी: जुन्या चर्चचा वेदीकडचा भाग सहसा पूर्वेला असतो, आणि सैनिकाची तलवार डाव्या कमरेला असते. समोरचे सगळे सैनिक डावरे दिसायला लागले तर चित्र उलटलेलं आहे.

किल्ले, वाडे आणि पडके मनोरे

सरदारांच्या गढ्यांची चित्रं शहरांच्या नकाशांपेक्षा लहान, अनेकदा तळहाताएवढी, आणि फसवी. रूलान्ट रोखमान या चित्रकाराने १६४६-४७ मध्ये हॉलंड आणि उत्रेख्त भागात हिंडून सुमारे २४० गढ्यांची रेखाटनं केली. यातल्या काही गढ्या १६७२-७३ मध्ये फ्रेंच फौजांनी जाळल्या किंवा पाडल्या. नंतरच्या लोकांना त्या कशा होत्या हे सांगायला अशी रेखाटनंच उरली आणि त्यावरून पुढे छापचित्रं कोरली गेली.

आब्राहाम राडेमाकरने १७२५ मध्ये जुन्या वास्तूंच्या ३०० चित्रांचा संग्रह काढला. त्यातल्या कितीतरी चित्रांखाली १६२०, १६३० अशी सालं आहेत. राडेमाकरचा जन्मच १६७७ च्या सुमाराचा. ती सालं कोरण्याची नाहीत. वास्तू त्या वर्षी अशी होती असा त्याचा दावा आहे, जुन्या रेखाटनांच्या आधारे केलेला आणि काही ठिकाणी कल्पनेने भरलेला. बाजारात ही चित्रं ‘१६३० चं मूळ छापचित्र’ म्हणून विकली जातात, ते चूक आहे. तसंच एग्मंडच्या किल्ल्याचं. तो १५७३ मध्येच पाडला गेला, तरी सतराव्या शतकातल्या चित्रांत अखंड उभा दिसतो. अखंड किल्ला दिसला म्हणून चित्र १५७३ च्या आधीचं ठरत नाही.

गोवा, कोची, वेंगुर्ले

आपल्या किनाऱ्याची सगळ्यात मोलाची डच पानं यान हाउखेन फान लिन्स्खोतेनच्या पुस्तकातली आहेत. हा माणूस १५८३ पासून काही वर्षं गोव्यात आर्चबिशपच्या चाकरीत होता. १५९६ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला त्याचं पुस्तक निघालं, आणि त्यातला गोव्याचा मोठा घडीचा नकाशा बाप्टिस्टा फान डूटेकुमने १५९५ साली कोरलेला आहे. म्हणजे तट आणि रस्ते १५८० च्या दशकातले, पत्रा १५९५ चा. पुढे या नकाशाच्या लहान-मोठ्या नकला निघत राहिल्या. खरं शहर मात्र रोगराईने ओस पडत गेलं, व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीला राहायला गेला, आणि नकलांमधला मांडवीकाठ गजबजलेलाच राहिला. जुन्या गोव्याच्या वैभवाचा पुरावा म्हणून अठराव्या शतकातलं पान दाखवणं बरोबर नाही. तो पुरावा लिन्स्खोतेनच्या काळाचा आहे.

कोचीची कसोटी नार्डनसारखीच. डचांनी जानेवारी १६६३ मध्ये ते पोर्तुगीजांकडून घेतलं. पोर्तुगीज शहर डच शिबंदीला राखायला फार मोठं होतं, म्हणून डचांनी त्याचा मोठा भाग पाडून आत आटोपशीर तट बांधला आणि बुरुजांना हॉलंड, गेल्डरलंड, झीलंड अशी आपल्या प्रांतांची नावं दिली. पसरट शहर दिसलं तर पोर्तुगीज काळ, आटोपशीर बुरुजांचा घेर दिसला तर १६६३ नंतरचा. बाल्डेउस या डच पाद्र्याच्या १६७२ च्या पुस्तकातली मलबार आणि सिलोनची पानं याच संधिकाळातली असल्याने विशेष काळजीने पाहावीत. इंग्रजांनी १८०६ मध्ये तो तटही पाडला.

वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. तिथून गोव्याच्या नाकेबंदीवरच्या जहाजांना रसद जाई आणि तिचे अवशेष आजही उभे आहेत. अशा ठिकाणांचे खरे मोजलेले आराखडे छापील पानांत शोधू नयेत. डच ईस्ट इंडिया कंपनी आपले नकाशे हाताने काढून घेई आणि स्वतःकडेच ठेवी. हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात योहानेस फिंगबोन्स या नकाशाकाराची जलरंगातली दृश्यं आणि कंपनीचे आराखडे आहेत, त्यांतलं बरंच इंटरनेटवर फुकट पाहता येतं. छापील पान विकत घेण्याआधी ती नजरेखालून घालणं फार उपयोगाचं ठरतं.

हातात आल्यावर

पान चौकटीतून बाहेर काढल्याशिवाय त्याबद्दल मत देऊ नये. आधी दिवा बाजूने, जवळजवळ कागदाला समांतर धरा: पत्र्याचा दबलेला चौकोन, गोलसर कोपरे, उंच शाई दिसायला हवी. समास छाटलेला असेल तर दाब दिसणार नाही, त्यावरून लगेच नकली ठरवू नका. मग भिंग. चांगल्या छपाईत रेष सलग काळी असते. रेषा ठिपक्यांनी बनलेली दिसली तर ती आधुनिक ऑफसेट छपाई.

मग कागद उजेडासमोर धरा. हातकागदात एकमेकींच्या जवळ असलेल्या बारीक रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या, साधारण २५ मिलिमीटर अंतराच्या उभ्या रेघा असतात. साच्यातल्या तारांच्या त्या खुणा. विदूषकाची टोपी, अ‍ॅम्स्टरडॅमच्या तीन फुल्यांचं बोधचिन्ह असे जलछापही सापडतात. रेघा नसलेला गुळगुळीत कागद १७५७ मध्ये इंग्लंडमध्ये एका पुस्तकात पहिल्यांदा वापरला गेला. त्यामुळे सतराव्या शतकातलं चित्र अशा कागदावर असेल तर छपाई नंतरची, यात वाद नाही. उलट मात्र खरं नाही: रेघांचा कागद आजही बनतो.

मोजमाप घेताना पत्र्याच्या दाबाचं घ्या, कागदाचं नको. ओला कागद वाळताना आकसतो, आणि दोन्ही दिशांना सारखा आकसत नाही. ५० सेंटिमीटरच्या पानावर छापचित्रांच्या सूचीत दिलेल्या मापापेक्षा चार-पाच मिलिमीटरचा फरक चालतो. दोन सेंटिमीटरचा फरक असेल तर पत्राच वेगळा.

रंग हा सगळ्यात निसरडा भाग. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये पानं रंगवणारे व्यावसायिक कारागीर होते. छपरं तांबडी, पाणी निळं, कुरणं हिरवी. डिंकात कालवलेले रंग: शेंदूर, नीळ, जंगाल. जंगाल हा हिरवा रंग तांब्यापासून होतो आणि कागद खातो. जुन्या हिरव्याच्या मागे पानाच्या पाठीवर तपकिरी डाग उमटतो, कधी कागद तिथे तडकतो. पुढे हिरवागार आणि पाठ स्वच्छ असेल तर रंग नवा असण्याची दाट शक्यता. घडीच्या भेगेत किंवा जुन्या डागावर रंग बसलेला दिसला तर तो नंतरचा, हे निश्चित. किल्ला वाचायचा असेल तर न रंगवलेली प्रत घ्यावी. रंगाखाली उताराच्या बारीक रेघा बुडतात आणि खोडलेल्या रेषांचे अवशेष दिसेनासे होतात.

कोकणात आणि मुंबईत अशी पानं सांभाळणं अवघड आहे. दमटपणा ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर हवा. पावसाळ्यात तो महिनोन्‌महिने ८० च्या वर जातो, तपकिरी ठिपके पडतात, कसर लागते. बाहेरच्या भिंतीवर चौकट लावू नये, आणि कुठेही लावली तरी मागे दोनेक सेंटिमीटर हवा खेळती ठेवावी. काच कागदाला चिकटता कामा नये, म्हणून आम्लरहित पुठ्ठ्याची तीन-चार मिलिमीटर जाड खिडकी मधे घालतात. पान पुठ्ठ्यावर सगळं चिकटवायचं नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावून टांगतं ठेवायचं, म्हणजे हवेबरोबर ते आखडू-पसरू शकतं. लॅमिनेशन केलेलं पान गेलं म्हणून समजा. सेलोटेप लागलेली असेल तर ओढू नका, वरचा कागद तिच्याबरोबर सोलून येतो. आणि पान मळकट वाटलं तरी घरी पाण्यात धुऊ नये, विशेषतः जंगालाने रंगवलेलं. पाण्याबरोबर तांब्याचा अंश आजवर धड राहिलेल्या कागदात पसरतो आणि जिथे रंगच नव्हता तिथेही तो कागद तपकिरी होऊन ठिसूळ पडायला लागतो. असं पान कागद-संवर्धकाकडे नेताना हिरवा रंग कुठे कुठे आहे ते आधीच दाखवून द्यावं.